साखर सोडली, तरी साखर का उतरत नाही?

एखाद्या घरात कोणाला मधुमेह असल्याचे निदान झाले, की पहिल्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. चहा बिनसाखरेचा होतो. शेजारच्यांनी आणून दिलेले पेढे मुलांच्या वाट्याला येतात. ज्याला मधुमेह झाला तो माणूस मोठ्या निग्रहाने हे सारे पाळतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडा फारसा हललेला नसतो. मग 'एवढे पथ्य करूनही उपयोग नाही, तर पथ्य कशाला?' असा विचार मनात येतो आणि पथ्य सुटते. कधी याच्या उलट घडते. भीतीपोटी माणूस जेवणच तोडतो, आणि गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यामुळे भर रस्त्यात घेरी येऊन पडतो.

या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे. 'साखर' हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक डब्यातली साखर. रसायनशास्त्रात तिला सुक्रोज म्हणतात. दुसरी रक्तातली साखर. ती म्हणजे ग्लुकोज. पहिली बंद केली की दुसरी आपोआप कमी होईल, असे आपण धरून चालतो. परंतु भात, पोळी, भाकरी, बटाटा, पोहे, साबुदाणा या जिभेला गोड न लागणाऱ्या पदार्थांपासूनही शरीरात ग्लुकोजच तयार होते. आणि आपल्या रोजच्या जेवणात तर बहुतांश ग्लुकोज याच पदार्थांतून येते. पदार्थ गोड आहे की नाही हे जीभ ठरवते. रक्ताशी मात्र दोनच प्रश्नांचा संबंध असतो : ग्लुकोज किती आले, आणि किती वेगाने आले? मधुमेहाच्या आहाराचे शास्त्र मुख्यतः या दोन प्रश्नांभोवती फिरते. ते समजायला शाळेतले विज्ञान आणि थोडे अंकगणित पुरेसे आहे.

हा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या घरापर्यंत आलेला असणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

रक्तात साखर किती? चमचाभर!

निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सकाळी अनशापोटी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण १०० हा आकडा धरू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. म्हणजे १०० मिलिलिटरचे ५० भाग झाले. प्रत्येक भागात १०० मिलिग्रॅम, म्हणून एकूण ५००० मिलिग्रॅम, अर्थात ५ ग्रॅम. चहाच्या लहान चमच्यात साधारण इतकीच साखर मावते. साऱ्या शरीरात खेळणाऱ्या रक्तात एका वेळी विरघळलेले ग्लुकोज केवळ एवढे असते!

अनशापोटीचा आकडा १२६ किंवा त्याहून अधिक आला आणि पुन्हा तपासूनही तसाच आढळला, तर मधुमेह आहे असे मानतात. वरचेच गणित केले तर १२६ म्हणजे ६.३ ग्रॅम. निरोगी आणि मधुमेही यांच्यामधली सीमारेषा अशी अवघ्या सव्वा ग्रॅमवर आहे.

आता ताटाकडे पाहू. ५० ग्रॅम तांदळाचा साधारण वाटीभर भात होतो. तांदळात १०० ग्रॅममागे सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणून या भातात ३९ ग्रॅम कर्बोदके आली. रक्तातील एकूण साठ्याच्या जवळजवळ आठपट! हे सारे ग्लुकोज रक्तातच साचून राहिले असते, तर आकडा साडेआठशेच्या पुढे गेला असता. निरोगी माणसाच्या बाबतीत जेवणानंतर दोन तासांनी तो १४० च्या आतच असतो. हे कसे साधते?

टाकी आणि तिचे नळ

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी पाण्याची टाकी आठवते. टाकीतील पातळी आत येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते, तशीच बाहेर जाणाऱ्या पाण्यावरही असते. रक्त ही टाकी समजा. तिला आत येणारे दोन नळ आहेत. पहिला नळ आतड्यांचा. जेवणातील ग्लुकोज त्यातून येते. दुसरा नळ यकृताचा. आपण झोपलेले असताना, काही खाल्लेले नसताना मेंदूला ग्लुकोज मिळत राहावे म्हणून यकृत आपल्या साठ्यातून ते थोडेथोडे रक्तात सोडत असते. 'रात्री काहीच खाल्ले नाही, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या नळात आहे.

बाहेर जाणारे नळ स्नायू, चरबी आणि यकृत यांच्याकडे जातात. हे नळ उघडण्याचे काम इन्सुलिन करते. रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. त्यामुळे बाहेरचे नळ उघडतात आणि यकृताचा आत येणारा नळ बारीक होतो. पातळी उतरली की इन्सुलिनही कमी होते. विजेची इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते आणि थंड होऊ लागली की पुन्हा चालू होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की शरीरातली यंत्रणा दिवसरात्र, क्षणाक्षणाला, कितीतरी सूक्ष्मपणे काम करते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशी नष्ट होत जातात आणि इन्सुलिन जवळजवळ उरत नाही. हा प्रकार बहुधा लहानपणी किंवा तरुण वयात सुरू होतो. त्यावर बाहेरून इन्सुलिन घ्यावेच लागते. दुसरा प्रकार अधिक आढळतो. त्यात सुरुवातीला इन्सुलिन असते, पण नळ गंजल्यासारखे घट्ट झालेले असतात. त्याचा प्रभाव पुरेसा पडत नाही. पुढेपुढे बीटा पेशीही थकतात.

दोन्ही प्रकारांत बाहेरचे नळ नीट उघडत नाहीत. मग पातळी राखायची, तर आत येणाऱ्या पाण्याचे प्रमाण आणि वेग यांच्याकडे लक्ष देणे भाग पडते. पथ्य म्हणजे नेमके हेच. आणि टाकी भरून वाहू लागली तर? रक्तातील ग्लुकोज साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडांना ते सारे परत शोषून घेता येत नाही आणि ते लघवीवाटे बाहेर पडू लागते. 'मधुमेह' या नावाचे मूळ या गोड लघवीत आहे.

उपासमारीपासून इन्सुलिनपर्यंत

आपल्या प्राचीन वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात ही खूण फार पूर्वीच नोंदवली होती. सुश्रुतसंहितेत या विकाराचे दोन प्रकार सांगितले आहेत : 'सहज', म्हणजे जन्मतः आलेला, आणि 'अपथ्यनिमित्तज', म्हणजे चुकीच्या आहारविहारामुळे झालेला. लघवीतील हा गोडवा साखरेचाच आहे, हे १७७६ साली इंग्लंडमधील मॅथ्यू डॉब्सन यांनी दाखवले. त्यांनी रुग्णाची लघवी आटवली आणि मागे साखरेसारखा पांढरा पदार्थ उरला. रक्तद्रवही गोड लागतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. साखर मूत्रपिंडात तयार होत नसून ती रक्तातूनच येते, याची ही पहिली चाहूल होती.

आहाराचा संबंध एका युद्धाने उघड केला. १८७०–७१ मध्ये जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्न मोजून मिळू लागले, पाव दुर्मीळ झाला. त्या काळात आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्यांना आढळले. त्यांनी पाव आणि पिष्टमय पदार्थ कमी करणारा आहार सुचवला आणि त्याला व्यायामाची जोड दिली.

पण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात केवळ आहाराने भागत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवत. १९२२ साली कॅनडातील टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा असाच मरणाच्या दारात होता. त्याचे वजन ३० किलोही नव्हते. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडातून वेगळा केलेला अर्क ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला टोचण्यात आला. पहिल्या अर्कात अशुद्धी होती, त्यामुळे फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा टोचला, आणि मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. १४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन असतो. बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून तोच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात.

भाकरीत ग्लुकोज कोठून आले?

घरात कोणी म्हणेल, 'भाकरीत कुठे साखर असते?' त्यांना हा प्रयोग करून दाखवा. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन दोन मिनिटे सावकाश चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो. पिष्ट किंवा स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंची साखळी. ती लांब असते तोवर जिभेला चव लागत नाही. लाळेतील अमायलेज हे विकर तिचे तुकडे करते, त्यातून माल्टोज ही साखर तयार होते, आणि ती जिभेला कळते. उरलेले काम लहान आतड्यात होते आणि अखेर सुटे ग्लुकोज रक्तात शिरते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हेच अधिक स्पष्ट दिसेल. भाताची पातळ पेज गार करून दोन परीक्षानळ्यांत थोडीथोडी घ्या. एकीत स्वतःची थोडी लाळ घाला. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवा. मग दोन्हींत आयोडीनच्या द्रावणाचा एकेक थेंब टाका. लाळ नसलेली पेज गडद निळी होईल. दुसरीत निळा रंग फिका पडेल किंवा येणारच नाही, कारण तेथील पिष्टाचे तुकडे झालेले असतात. आयोडीन लावलेला पदार्थ मात्र खाऊ नका.

पहिला प्रश्न : किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्याकडील खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. दर १०० ग्रॅम कोरड्या जिनसात कर्बोदके किती, याचे ढोबळ आकडे असे :

साबुदाणा – ८७ ग्रॅम
तांदूळ – ७८ ग्रॅम
ज्वारी – ६८ ते ७२ ग्रॅम
नाचणी – ६७ ते ७२ ग्रॅम
गव्हाचे पीठ – ६४ ते ६९ ग्रॅम
बाजरी – ६२ ते ६७ ग्रॅम
हरभऱ्याची डाळ – ४७ ते ६० ग्रॅम

या आकड्यांकडे नीट पाहा. 'पोळी बंद केली, भाकरी सुरू केली. आता काळजी नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात तंतू अधिक असतात. पण एका फुलक्याला साधारण ३० ग्रॅम पीठ लागते, तर एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम. म्हणजे एक भाकरी ही कर्बोदकांच्या हिशेबात दोन फुलक्यांच्या बरोबरीची झाली. तीन फुलके सोडून दोन भाकरी खाणाऱ्याने कर्बोदके कमी केली नाहीत, उलट वाढवली.

साबुदाण्याचे तर नवलच आहे. तो बहुतांश निव्वळ पिष्ट. एकादशीला ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर ६५ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली; बटाटा वेगळाच. दाण्याचे कूट आणि तूप यांमुळे पचनाचा वेग थोडा मंदावतो खरा, पण प्रमाण कमी होत नाही. वरी आणि राजगिरा यांतही मुख्य भाग पिष्टाचाच असतो. अमुक जिन्नस उपवासाला चालतो, हा भेद धर्माचा. रक्ताला तो कळत नाही.

'साखर नको, पण गूळ चालतो' हाही असाच समज. गुळात १०० ग्रॅममागे ८५ ते ९५ ग्रॅम आणि मधात सुमारे ८० ग्रॅम शर्करा असतात. 'शुगर फ्री' असे छापलेल्या बिस्किटात साखर नसेल, पण मैदा असतो. आणि कारल्याचा रस कितीही कडू लागला, तरी कडूने गोड मारले जाते ते फक्त जिभेवर. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची जागा तो घेऊ शकत नाही.

आता एका नेहमीच्या जेवणाचा हिशेब करू. वाटीभर भात ३९ ग्रॅम, दोन फुलके ४०, वाटीभर वरण ११, बटाट्याची भाजी २०. बेरीज ११० ग्रॅम. या ताटात गोड पदार्थ एकही नाही, हे ध्यानात घ्या. याच ताटात थोडा फेरफार करू. अर्धी वाटी भात २०, एक फुलका २०, वाटीभर मटकीची उसळ २२, मेथीची भाजी ५, काकडीची कोशिंबीर ३, ताक ४. बेरीज ७४. पोट तितकेच भरले, प्रथिने आणि तंतू वाढले, आणि कर्बोदके एकतृतीयांशाने कमी झाली. त्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही. हे जेवण तर घरातल्या सर्वांनाच मानवेल.

आपल्या जेवणात हा फेरफार का हवा, याचे उत्तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच देशव्यापी पाहणीच्या पुढील निष्कर्षांत मिळते. भारतीयांना मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि त्यांतील मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा असतो. प्रथिनांचा वाटा मात्र कमी पडतो. घास न घास मोजत बसण्यापेक्षा 'भात-पोळीचा भाग थोडा मागे, डाळ-उसळ आणि भाज्यांचा भाग पुढे' एवढे सूत्र पाळले, तरी दिशा योग्य राहते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न : किती वेगाने?

एक सोपा प्रयोग करा. सारख्या वजनाची खडीसाखर आणि पिठीसाखर घ्या. दोन पेल्यांत सारखेच पाणी घेऊन त्यांत त्या टाका आणि दोन्ही सारख्याच ढवळा. पिठीसाखर पाहता पाहता विरघळते, खडीसाखर रेंगाळते. वजन तेच, पण पृष्ठफळ निराळे. अन्नाचेही असेच आहे. बारीक दळलेल्या मैद्यावर पाचक विकरांना एकदम हल्ला करता येतो. अख्खा हरभरा किंवा मूग यांच्यातील पिष्ट पेशींच्या भिंतींआड आणि तंतूंच्या जाळ्यात असते. तेथे पोहोचायला विकरांना वेळ लागतो. टाकीच्या उदाहरणात सांगायचे, तर बादलीभर पाणी एकदम ओतणे आणि तेच पाणी बारीक धारेने सोडणे यांत हा फरक आहे. बाहेरचे नळ अर्धवट उघडत असतील, तर बारीक धार त्यांना झेपते.

हा वेग मोजायची पद्धत डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली, तीही टोरोंटोमध्येच. ५० ग्रॅम कर्बोदके असतील इतका पदार्थ स्वयंसेवकाला खायला द्यायचा, दोन तासांत रक्तातील ग्लुकोज कसे चढते-उतरते त्याचा आलेख काढायचा, आणि वाढीचे क्षेत्रफळ मोजायचे. शुद्ध ग्लुकोजचे क्षेत्रफळ १०० धरून त्या पदार्थाला जो अंक मिळतो, त्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी घेतली तर उकडलेला बटाटा ७८, पांढरा भात ७३, डब्यातली साखर ६५, चपाती ५२, दूध ३९, मसूर ३२ आणि छोले २८ असे अंक येतात. धान्याची जात आणि शिजवण्याची रीत यांनुसार ते पुष्कळ बदलतात, म्हणून ते ढोबळच समजावेत.

भाताचा अंक साखरेपेक्षा अधिक कसा? साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोजचा आणि अर्धा फ्रुक्टोजचा बनलेला असतो. भातातील पिष्ट मात्र पूर्णपणे ग्लुकोजचे. याचा अर्थ भात सोडून साखर खावी असा मात्र नाही. साखरेबरोबर ना तंतू येतात, ना प्रथिने, ना जीवनसत्त्वे. शिवाय ती खाण्याला धरबंद राहत नाही. आणि नुसता अंक पाहूनही चालत नाही. मंद वेगाचा पदार्थ दुप्पट खाल्ला तर पहिला प्रश्न, म्हणजे 'किती', पुन्हा उभा राहतो.

वेग कमी करण्याच्या युक्त्या साध्या आहेत. रसाऐवजी अख्खे फळ खावे, कारण रस काढताना तंतू बाजूला पडतात. मैद्याऐवजी कोंड्यासकट पीठ घ्यावे. जेवणाच्या सुरुवातीला कोशिंबीर, भाजी, उसळ खाऊन मग भात-पोळीकडे वळले, तर तेच जेवण रक्तातील साखर कमी चढवते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात. घट्ट झालेला बाहेरचा नळ असा वेगळ्या वाटेने थोडा उघडतो.

जेव्हा साखरच औषध होते

इथपर्यंत पातळी चढण्याबद्दल बोललो. ती फार उतरणेही तितकेच घातक, किंबहुना तातडीने पाहता अधिक घातक. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाने जेवण टाळले, कडक उपवास केला किंवा कर्बोदके एकाएकी तोडली, तर औषध आपले काम करतच राहते आणि रक्तातील ग्लुकोज ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, भूक लागते, माणूस चिडचिडा होतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. मेंदूचे मुख्य इंधनच तुटलेले असते.

ही लक्षणे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करून ठेवावीत, कारण घरात त्या वेळी कदाचित तुम्हीच असाल. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच द्या. हे साधारण १५ ग्रॅम होते. १५ मिनिटे थांबा, यंत्र असेल तर साखर तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्या. येथे वेगच हवा असतो, म्हणून लाडू किंवा चॉकलेटपेक्षा साखरेचे पाणी चांगले. तुपातला पदार्थ सावकाश पचतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला एका कुशीवर वळवा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

मग नेमके किती खावे?

याचे सर्वांना लागू पडणारे एक उत्तर नाही. शेतात राबणारा माणूस आणि दिवसभर खुर्चीवर बसणारा माणूस यांची गरज वेगळी. वाढीच्या वयातल्या मुलाची त्याहून वेगळी. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांना इतर मुलांप्रमाणेच पुरेसे अन्न हवे असते. ती प्रत्येक जेवणातील कर्बोदके मोजून त्या हिशेबाने इन्सुलिनची मात्रा ठरवायला शिकतात. तुमच्या वर्गात असा मित्र असेल आणि मधल्या सुट्टीत तो डब्याकडे बघून काही गणित करत असेल, तर त्याची थट्टा करू नका. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः निदान नुकतेच झाले असेल आणि वजन जास्त असेल तर, वजन उतरवण्याचा मोठा लाभ होतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने अत्यंत कमी उष्मांकांचा आहार घेऊन वजन घटवलेल्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांची साखर वर्षअखेर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आलेली होती. 'देखरेखीखाली' हा शब्द येथे महत्त्वाचा. आहार बदलला की गोळ्यांची मात्राही बदलावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

पथ्य जमते आहे की नाही, हे मोजमापावरून कळते. जेवणापूर्वीचा आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेला आकडा वहीत शेजारी शेजारी लिहिला, तर कोणते जेवण मानवते हे काही आठवड्यांत दिसू लागते. शिवाय 'एचबीएवनसी' नावाची एक तपासणी असते. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, या रविवारी घरातला वजनकाटा काढा. तुमच्याकडे एका फुलक्याला, एका भाकरीला आणि वाटीभर भाताला किती ग्रॅम पीठ किंवा तांदूळ लागतो ते मोजा. दिलेल्या कोष्टकावरून आई, बाबा, आजी-आजोबा यांच्या ताटातील कर्बोदकांची बेरीज करा. घरात कोणाला मधुमेह असेल तर तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे न्यायला सांगा. 'काय खाता?' या प्रश्नाला 'थोडेसेच' यापेक्षा तो कागद कितीतरी उपयोगी उत्तर देईल.